हवेची शिदोरी

आमच्या घरांत शस्त्र म्हणण्यासारखी वस्तु आजवर एकच होती; ती म्हणजे आमच्या कै. आजोबांचा पितळी अडकित्ता. दसऱ्याच्या आदल्या दिवशीं, खंडेनवमीला, शस्त्रपूजा करावयाची म्हणजे तो अडकित्ता, स्वयंपाकघरांतील विळी आणि आमची लाल शाईची लेखणी एवढ्यांवर गंधफूल वाहून आम्ही मोकळे होत असूं. अशा घरांत गेल्या तीन वर्षांपासून एक बंदूक नांदत आहे, आणि दर रविवारीं सकाळीं चहा झाल्यावर, सत्तरीला आलेल्या आमच्या हातांनीं आम्ही तिच्यांत हवा भरीत असतों, असें सांगितलें तर आमचे जुने विद्यार्थी हंसतील. हंसोत बापडे. तीस वर्षें शाळेंत पदार्थविज्ञान शिकवून जें आमच्या अंगीं लागलें नाहीं, तें ह्या हवा भरण्यानें लागलें. आणि तें लागतांना आमच्या हातून जी एक चूक झाली ती वाचकांपासून लपवून ठेवण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

बंदुकीची खरी मालकीण आमची नात. ती नववींत असतांना शाळेच्या एका शिबिरांत तिला प्रथम हवेची बंदूक हातीं धरावयास मिळाली, आणि पहिल्याच दिवशीं तिनें घरीं येऊन जाहीर केलें कीं, आपल्याला हेंच शिकावयाचें आहे. घरांत एकच गहजब झाला. आमच्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, "ब्राह्मणाच्या घरांत बंदूक? उद्यां तोफ आणाल!" त्यावर आमचे दादा म्हणाले, "मालेगांवचा हा किल्ला कोणीं बांधला? नारोशंकर राजेबहाद्दरांनींच ना, १७४० सालीं? ते कोणत्या जातीचे होते? आणि १८१८ सालीं इंग्रजांनीं त्याला वेढा घातला, तेव्हां आंत काय पोथ्या भरल्या होत्या?" वहिनींनीं क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "आतां त्याच किल्ल्यांत शाळा भरते. हा त्याचा उपयोग अधिक चांगला नव्हे का?" ह्यावर दादांना उत्तर सुचलें नाहीं. शेवटीं निकाल दिला तो आमच्या सूनबाईनें. बंदूक कुलपांत राहील, छरे वेगळ्या कपाटांत राहतील, आणि भरलेली असो वा रिकामी, तिचें तोंड कोणत्याहि जिवंत प्राण्याकडे होणार नाहीं, ह्या तीन अटींवर ती आली. कायद्याचा प्रश्न आमच्याकडे होता. तो आम्हीं पाहून घेतला. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या आणि २० जूलपर्यंत शक्तीच्या हवेच्या बंदुकीला २०१६ च्या शस्त्रनियमांप्रमाणें परवाना लागत नाहीं. स्पर्धेच्या बंदुकीची शक्ति तर त्याच्या निम्म्याहूनहि कमी असते.

हा खेळ पोरखेळ आहे असें मात्र कोणी समजूं नये. दहा मीटरांवर एक कागद असतो, आणि त्याच्या मध्यावर दहा गुणांचा जो ठिपका असतो त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनहि लहान. अशा ठिपक्यावर साठ वेळां नेम धरावयाचा. १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथें हा प्रकार ऑलिंपिकमध्यें आला. २००८ सालीं बीजिंगला अभिनव बिंद्रा यांनीं ह्याच प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच्याहि आधीं, २००० सालीं सिडनीला अंजली भागवत आणि २००४ सालीं अथेन्सला सुमा शिरूर ह्या आपल्या महाराष्ट्राच्या दोघी अंतिम फेरीपर्यंत पोहोंचल्या होत्या, आणि २०२२ सालीं ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोला जगज्जेता झाला. आमची नात ह्या मालिकेंत बसते असें म्हणण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु मालेगांवच्या मुलीनेंहि त्याच अर्ध्या मिलिमीटरावर नेम धरावयाचा असतो, हें सांगणें अवश्य आहे.

जत्रेंत फुगे फोडावयास जी बंदूक मिळते तिच्यांत जाड पोलादी स्प्रिंग असते. नळी मोडून ती दाबावयाची; चाप ओढला कीं ती उसळते, आणि तिच्याबरोबर सारी बंदूकहि उसळते. स्पर्धेच्या बंदुकीला असा धक्का चालत नाहीं. म्हणून तिच्या नळीखालीं एक हातभर लांबीची धातूची बाटली असते, तिच्यांत हवा आधींच दाबून भरलेली असते, आणि चाप ओढतांच तींतील चिमूटभर हवा सुटून छऱ्याला ढकलते. मध्यें एक नियामक असतो. तो बाटलींतील हवा एकाच ठराविक दाबानें पुढें सोडतो. त्यामुळें बाटली भरलेली असो कीं बरीचशी रिती झालेली असो, पहिला छरा आणि साठावा छरा सारख्याच वेगानें जातो. बंदूक हालत नाहीं, आवाजहि फारसा होत नाहीं. आमच्या सौ. म्हणाल्या, "हिच्यापेक्षां आपला कुकर अधिक ओरडतो."

हें सर्व ठीक झालें. पण ती हवा भरावयाची कोठें? नाशिकच्या सरावगृहांत पाणबुडे पाठीवर बांधतात तसले मोठे सिलिंडर असतात. त्यांना बाटली जोडली कीं मिनिटाभरांत काम होतें. पण नाशिक आमच्या गांवापासून आग्रा रस्त्यानें शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. हवेसाठीं दर आठवड्यास कोण तेवढा प्रवास करणार? मालेगांवांत यंत्रमागांची खटखट रात्रंदिवस चालूं असते, तेथें कॉम्प्रेसर मिळणार नाहीं असें थोडेंच आहे? परंतु टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरचा दाब आठ-दहा, आणि आम्हांला हवा होता दोनशें. एका दुकानदारानें तर अगदीं सद्भावनेनें सुचविलें, "सर, आपल्याकडे ऑक्सिजनची टाकी आहे, दीडशेंचा दाब असतो. हवा काय आणि ऑक्सिजन काय, एकच ना!" आम्हीं नाशिकच्या शिक्षकांना फोन करून विचारलें, तों ते जवळजवळ ओरडलेच. शुद्ध ऑक्सिजन दाबाखालीं असतांना त्याला तेलाचा वा वंगणाचा नुसता स्पर्श झाला तरी भडका उडतो; ह्या बाटलींत साध्या हवेवांचून दुसरें कांहीं भरावयाचें नाहीं, असें त्यांनीं बजाविलें. तें आम्हीं त्याच रात्रीं जेवतांना साऱ्या मंडळींना मोठ्या अधिकारवाणीनें समजावून दिलें. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें, कारण पुढें तें आमच्याच अंगावर यावयाचें आहे.

शेवटीं हातपंप मागविला. दिसावयाला तो सायकलच्या पंपाचा थोरला भाऊ. खालीं पाय देण्यास दोन पट्ट्या, वर दोन हातांची मूठ, बुडाशीं दाब दाखविणारी तबकडी, एक बारीक पण चिवट रबरी नळी, आणि एक छोटासा स्क्रू. ह्या स्क्रूचें महत्त्व फार. भरणें संपलें कीं बाटली सोडविण्याच्या आधीं तो सैल करून नळींत अडकलेली हवा सोडून द्यावी लागते. नाहीं तर ती नळी म्हणजे डिवचलेला साप.

दोनशें दाब म्हणजे काय हें आम्हीं घरच्यांना असें समजाविलें. कुकरांत एक दाब असतो, मोटारीच्या चाकांत दोन-अडीच, मालमोटारीच्या चाकांत सात-आठ. आपल्या कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर उंच आहे. त्याच्याहूनहि उंच अशी पाण्याची नळी उभी केली तर तिच्या बुडाशीं जो दाब येईल तो दोनशेंच्या जवळ जाईल. आमच्या बाटलींत पाणी घातलें तर फुलपात्रभर मावेल. त्यांत दोनशें पट हवा, म्हणजे चाळीस लिटर. स्नानाच्या दोन मोठ्या बादल्या. थोडक्यांत, दोन बादल्या हवा एका फुलपात्रांत कोंबावयाची. बॉइलनें १६६२ सालीं सांगितलेला नियम तो हाच: आकार जितक्या पटीनें कमी कराल, दाब तितक्या पटीनें वाढेल. हा नियम आम्हीं किती वेळां फळ्यावर लिहिला असेल त्याची गणतीच नाहीं. पण त्याला वजन असतें हें पायाखालीं पंप येईपर्यंत कळलें नव्हतें.

तीन सेंटिमीटर व्यासाचा साधा दट्ट्या घेऊन दोनशेंचा दाब आणावयाचा म्हणजे त्यावर चौदाशें किलोंचा भार हवा. वीस माणसें त्यावर चढवावीं लागतील. म्हणून ह्या पंपांत युक्ति केलेली असते. एका नळींत दुसरी आणि दुसरींत तिसरी अशा तीन नळ्या असतात. पहिलींत हवा थोडी दबते, ती दुसरींत जाऊन आणखी दबते, आणि तिसरी अगदीं बारीक असते तींत ती शेवटच्या दाबाला पोहोंचते. शेवटचा दट्ट्या सहा मिलिमीटरांचा धरला तर दोनशेंच्या दाबाला सुमारें छप्पन्न किलोंचा भार पुरतो. म्हणजे येथें दंडाचें काम नाहीं. हात ताठ ठेवावयाचे, गुडघे वांकवावयाचे आणि अंगाचें ओझें मुठीवर सोडून द्यावयाचें. वर आणतांना पुरतें वर, खालीं नेतांना पुरतें खालीं. शेवटीं क्षणभर थांबावयाचें, म्हणजे हवेला पुढच्या खोलींत जाण्यास सवड मिळते. वहिनींनीं एकदां पाहून सांगितलें, "हें मुसळासारखंच आहे. मुसळ कोणी हातानं मारीत नाहीं. तें पडूं द्यायचं असतं." आमच्या पुस्तकी वर्णनापेक्षां हें वर्णन अधिक नेमकें होतें.

आतां आमची नेमणूक कशी झाली तें सांगतों. नातीचें वजन बावन्न किलो. दीडशें दाबापर्यंत ती सहज भरते. पण त्यापुढें मूठ तिच्या वजनाला दाद देईनाशी होते, आणि खांदे ताणून जोर करावा तर दुसरे दिवशीं बंदूक धरतांना हात कांपतो. आमचें वजन अडुसष्ट. तेव्हां दीडशेंपुढचें काम आमच्याकडे आलें. आमचें वजन आजवर नगरपालिकेंत पडलें नाहीं, शाळेच्या मंडळांत पडलें नाहीं, घरांतहि बेताचेंच पडतें. तें शेवटीं ह्या पंपावर पडलें.

ही बंदूक भरण्याची मेहनत कांहीं आजची नव्हे. १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यांत जिरांदोनी नांवाच्या कारागिरानें बनविलेल्या हवेच्या बंदुका आल्या. त्यांचा दस्ताच पोकळ लोखंडी असून त्यांत हवा भरीत, आणि तो एकदां पुरता भरण्यास सुमारें पंधराशें वेळां पंप मारावा लागे. धूर नाहीं, ठिणगी नाहीं, पावसांत दारू भिजण्याची भीति नाहीं, आणि वीसएक गोळ्या एकामागून एक सुटत. त्या काळीं ही अद्भुत गोष्ट होती. १८०३ सालीं लुईस आणि क्लार्क अमेरिकेच्या पश्चिमेकडील अज्ञात मुलखांत निघाले, तेव्हां त्यांनींहि बरोबर एक हवेची बंदूक घेतली होती. पण त्या सैन्यांत त्या बंदुका फार काळ टिकल्या नाहींत. त्या नाजूक होत्या, आणि त्या सांभाळावयास व भरावयास शिकविलेलीं, धीर धरणारीं माणसें लागत. पंधराशेंच्या मानानें आमचे काम हलकें. आठवड्याचा सराव होऊन बाटली शंभरावर आली असली कीं ती दोनशेंवर नेण्यास शंभर-सव्वाशें पंप पुरतात. पण ते सलग मारावयाचे नाहींत, आणि आमची चूक झाली ती येथेंच.

हवा दाबली कीं तापते. पन्नास-साठ पंप झाले कीं पंपाचें बूड असें तापतें कीं हात ठेववत नाहीं. त्याला दहा-पंधरा मिनिटें निवूं द्यावें लागतें. नाहीं तर आंतल्या रबरी कड्या जळतात. दुसरी गोष्ट पाण्याची. हवेंत वाफेच्या रूपानें पाणी असतेंच. दोन बादल्या हवा फुलपात्रांत कोंबली कीं तें राहणार कोठें? थेंब होऊन बाहेर पडतें. मालेगांवचा उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा, पण कोरडा. तेव्हां चाळीस लिटर हवेंतून अर्धा ग्रॅम पाणी निघेल. श्रावणांत तेंच एक ग्रॅमच्या घरांत जातें. एक ग्रॅम म्हणजे वीस थेंब. पण पोलादाला आणि नियामकाला गंज चढविण्यास ते पुरेसे आहेत. म्हणून पंपाच्या तोंडाशीं ओल शोषून घेणारे खडे भरलेली एक लहान नळी बसवितात, आणि मधून मधून स्क्रू सैल करून आंतलें पाणी फुस्सदिशीं बाहेर सोडतात.

गेल्या वर्षीं श्रावणांतच ही हकीकत घडली. नाशिकची स्पर्धा पंधरा-सोळा दिवसांवर आली होती. नातीचा सराव वाढला होता, बाटली आठवड्यांतून दोनदां भरावी लागे. त्या दिवशीं घरांत पूजा होती, गुरुजी यावयाचे होते, आणि आम्हांला उरकून स्नानाला जावयाचें होतें. आम्हीं विश्रांति न घेतां सत्तर-ऐशीं पंप मारले. पंप जड झाला, करकरूं लागला. शहाण्या माणसानें थांबावयाचें. पण आम्हांला वाटलें, वंगण कमी झालें असेल. खोलींत सौ.चें शिवणयंत्र होतें, त्याच्या खणांत तेलाची कुपी होती. दाराची बिजागरी करकरली तर आपण जें करतों तेंच आम्हीं केलें: दट्ट्याच्या दांड्यावर चार थेंब सोडले. पंप लगेच हलका झाला. आम्ही स्वतःवर खूष होऊन आणखी वीस-पंचवीस पंप मारले.

इतक्यांत नात आंत आली आणि दारांतच थबकली. "आजोबा, हा जळल्याचा वास कसला येतोय?"

"कुठं काय? थोडं तेल घातलं."

"कसलं तेल?"

आम्हीं कुपी दाखविली. पोरीचा चेहराच उतरला. ती शांतपणें म्हणाली, "आजोबा, मूठ सोडा आणि आधीं बाजूला व्हा. आतां हात लावूं नका." तिच्या आवाजांत असें कांहीं होतें कीं आम्ही मुकाट्यानें मागें सरलों. पंप पुरता निवल्यावर तिनें स्वतः एका अंगाला उभें राहून स्क्रू हळूहळू सैल केला. हवेबरोबर तपकिरी रंगाचा ओशट फेंस बाहेर आला, आणि त्याला करपल्याची घाण होती.

त्या क्षणीं आमच्या डोळ्यांसमोर आमचाच वर्ग उभा राहिला. फळ्यावर डीझेलच्या एंजिनाची आकृति आहे, आणि आम्ही मुलांना सांगत आहों, "ह्या एंजिनाला ठिणगी लागत नाहीं. आंत नुसती हवा तीस-चाळीस दाबांपर्यंत दाबली कीं ती इतकी तापते कीं तींत तेल सोडतांच तें आपोआप पेट घेतें. रूडॉल्फ डीझेलनें १८९७ सालीं हें करून दाखविलें." हें आम्हीं तीस वर्गांना शिकविलें, तीस वेळां तपासण्याच्या वह्यांवर बरोबरची खूण केली, आणि जेथें तीस-चाळीसच्या जागीं दीडशेंच्यावर दाब होता, तेथें आपल्या हातानें तेल सोडलें! ह्या पंपाला सिलिकोनचें वंगण तेवढें चालतें, तेंहि अगदीं बोटाच्या टोकाएवढें. खनिज तेल कदापि नाहीं, हें पंपाबरोबर आलेल्या पत्रकांत ठळक छापलें होतें. पत्रक आम्हीं वाचलें होतें. ऑक्सिजनवर आम्हीं व्याख्यानहि दिलें होतें. नात दोन मिनिटें उशिरां आली असती तर काय झालें असतें, तें कदाचित् कांहींच झालें नसतें. कदाचित् पंपाचें बूड फुटून आमच्या पायाचें कांहीं झालें असतें. आणि त्याहून भयंकर विचार असा कीं, तो ओशटपणा बाटलींत जाऊन बसला असता, तर ती बाटली आमची नात रोज गालाजवळ धरते.

रात्रीं जेवतांना आम्हीं आपण होऊनच सर्वांना सांगितलें. सांगतांना घास घशाखालीं उतरेना. चिरंजीव कांहीं बोलले नाहींत, सूनबाईनें मान खालीं घातली. तें न बोलणेंच अधिक लागलें. शेवटीं वहिनी म्हणाल्या, "भावोजी, डाळ शिजायला वेळ लागतो म्हणून कुणी चुलींत रॉकेल ओततं का? तिला तिचा वेळ द्यावा लागतो." त्यावर सगळेच हंसले, आम्हीहि हंसलों, पण घाव बरोबर बसला होता. आम्हांला पंपाचें शास्त्र ठाऊक नव्हतें असें नाहीं; आम्हांला पंधरा मिनिटें थांबावयाचें नव्हतें, एवढेंच.

पंप उघडून पाहिला तों आंतल्या दोन कड्या करपून काळ्या पडलेल्या. नव्या कड्या टपालानें येण्यास बारा दिवस लागले. बाटली चिरंजीवांनीं नाशिकला शिक्षकांकडे नेली. त्यांनीं ती रिकामी करून, आंतून तपासून, तेल तिच्यापर्यंत पोहोंचलें नाहीं असा निर्वाळा दिला तेव्हां आमच्या जिवांत जीव आला. अशा ॲल्युमिनियमच्या बाटलीवर तिच्या आयुष्याची मर्यादा कोरलेली असते, साधारणपणें दहा वर्षें, आणि ती उलटली कीं बाटली कितीहि चकचकीत दिसली तरी वापरावयाची नाहीं, हेंहि त्यांनीं दाखवून दिलें. आमच्या बाटलीचीं अजून चार वर्षें उरलीं आहेत. ती तारीख आम्हीं पंचांगाच्या मलपृष्ठावर लिहून ठेविली आहे.

हे बारा दिवस हवेविना गेले. आम्हांला वाटलें होतें कीं पोरीचा सराव बुडाला, आणि तो आमच्यामुळें. पण तिनें एका शब्दानेंहि तें बोलून दाखविलें नाहीं. माजघरांतल्या भिंतीवर तिनें कागद लावून त्यावर एक काळा ठिपका काढला, आणि रोज सायंकाळीं तासभर त्यासमोर रिकामी बंदूक धरून ती उभी राहूं लागली. स्पर्धेच्या बंदुकीला अशी सोय असते कीं हवा नसतांनाहि चाप खऱ्यासारखा ओढतां येतो. छरा नाहीं, आवाज नाहीं, गुण नाहींत. नुसता श्वास आंत, श्वास बाहेर, अर्ध्यावर थांबणें, आणि टिक्. मन ठाम नसेल तर चाप न ओढतां बंदूक खालीं घ्यावयाची, आणि पुन्हां प्रथमपासून आरंभ. एका सायंकाळीं आम्हीं मोजलें: चाळीस वेळां तिनें बंदूक उचलली आणि सतरा वेळां चाप न ओढतांच ती खालीं घेतली. नाशिकचे कै. भीष्मराज बाम पोलीस खात्यांतली मोठी नोकरी झाल्यावर खेळाडूंच्या मनाची मशागत करीत. नेमबाजांना ते योगाच्या मार्गानें श्वास आणि एकाग्रता शिकवीत. २०१७ सालीं ते गेले. पण त्यांची शिकवण नाशिकच्या मुलांत अजून चालत आली आहे, आणि तेथून ती आमच्या माजघरांत आली असावी. सतरा वेळां माघार घेणारी ती पोर पाहून आमच्या मनांत आलें, पंप करकरला तेव्हां आपल्याला एकदां तरी मूठ सोडून मागें सरतां आलें असतें.

नव्या कड्या आल्या. चिरंजीवांनीं पंप स्वच्छ पुसून जोडला, वंगणाची लहानशी डबी सूनबाईनें आपल्या ताब्यांत घेतली, आणि आमची नेमणूक आम्हांला परत मिळाली. आतां आमचा क्रम ठरला आहे. पन्नास पंप झाले कीं थांबावयाचें आणि वर्तमानपत्राचें पहिलें पान वाचावयाचें. बूड हाताला कोमट लागलें कीं पुढचे पन्नास. पुन्हां थांबावयाचें, आंतलें पान. स्क्रू सैल करून पाणी सोडावयाचें. मग शेवटचे पंचवीस. पूर्वीं अर्धा तास लागत नसे, आतां पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासांत दादा येऊन बसतात, सौ. भाजी निवडतात, आणि नात आपल्या सरावाच्या वहींत कालचे गुण लिहीत असते. ज्या घरांत एकमेकांचीं तोंडें जेवतांनाच दिसत, तेथें हवा निवण्याच्या निमित्तानें चार माणसें एकत्र बसूं लागलीं.

नाशिकची स्पर्धा झाली. आम्ही गेलों होतों. मागें बांकावर बसून राहिलों, कारण तेथें टाळ्या वाजविण्याचेंहि भान ठेवावें लागतें. पदक मिळालें नाहीं. तिच्या स्वतःच्या आधींच्या गुणांहून मात्र चार गुण अधिक पडले, आणि शेवटचे दहा छरे सर्वांत चांगले गेले. बाहेर आल्यावर आम्हीं विचारलें, "थकलीस?" ती म्हणाली, "थकलें. पण शेवटपर्यंत दाब सारखा होता, आजोबा." ती हवेविषयींच बोलत होती, आम्हांला तेवढेंहि पुरेसें वाटलें.

नेम धरणाराला लोक पाहतात, आणि तें योग्यच आहे. चाप ओढण्याचा क्षण त्याचा एकट्याचा असतो. पण त्या क्षणीं जी चिमूटभर हवा सुटते ती कोणीतरी कोणत्यातरी रविवारीं, थांबत थांबत, घाई न करितां भरून ठेविलेली असते. दूरच्या प्रवासाला निघणाऱ्याला घरून शिदोरी बांधून देतात, त्यांतलाच हा प्रकार. बांधून देणाराचें काम एवढेंच कीं, ती आंबूं नये.

त्या वर्षींच्या खंडेनवमीला पाटावर अडकित्ता, विळी आणि लेखणी ह्यांच्या शेजारीं बंदूक ठेविली. पंप आणावयाचें आम्हांला सुचलें नव्हतें. तो वहिनींनीं आंतून आणविला, बंदुकीशेजारीं उभा केला, आणि पहिलें हळदकुंकू त्यालाच लाविलें. मग त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भावोजी, शिवणयंत्राचीहि पूजा करायची आहे ना? मग तें आणा. तेवढी तेलाची कुपी मात्र तिकडेच असूं द्या."